अल्फा-२ए रिसेप्टर: सायक्लिक एएमपी आधी उतरतं, मग चढतं, वर कॅल्शियमही वाढतं. नक्की कोणता सबयुनिट काम करतोय?

पेशीपुराण, सोलापूर

नमस्कार मंडळी. हेक २९३ (माणसाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) पेशींची एक स्थिर लाइन आहे, तिच्यात अल्फा-२ए ॲड्रेनर्जिक रिसेप्टर बसवलेला आहे. पुस्तकाप्रमाणे हा जी-आय या जी प्रोटीनचा (रिसेप्टरचा निरोप आत नेणारं अल्फा, बीटा, गामा सबयुनिटांचं त्रिकूट) रिसेप्टर, म्हणजे ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम दाबलं जाणार आणि ते बनवतं तो निरोप्या रेणू, सायक्लिक एएमपी, उतरणार. फोर्स्कोलिन (सायक्लेज चेतवणारं) १० मायक्रोमोलर, आयबीएमएक्स (सायक्लिक एएमपी मोडू न देणारं) अर्धा मिलिमोलर, ३७ अंशांवर ३० मिनिटं, आणि त्यावर नॉरॲड्रेनलिनचे चढते डोस. किट स्पर्धात्मक, फ्लुओरेसन्सवालं.

१०० नॅनोमोलरपर्यंत सायक्लिक एएमपी उतरतं, पण जेमतेम २० टक्के. १ मायक्रोमोलरच्या पुढे कर्व्ह उलटा चढायला लागतो आणि १० मायक्रोमोलरला नुसत्या फोर्स्कोलिनच्याही वर जातो.

फ्लुओ-४ हा कॅल्शियमचा डाय लावून त्याच पेशी बघितल्या तर कॅल्शियम वाढतं. रात्रभर पर्टुसिस टॉक्सिन (जी-आय बंद पाडणारं) दिलं की ही वाढ साफ बंद. म्हणजे जी-आय म्हणावं, तर जी-क्यू या कॅल्शियम वाढवणाऱ्या दुसऱ्या जी प्रोटीनचा ब्लॉकर वायएम-२५४८९० दिल्यावरही तितकीच साफ बंद. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? गाइडचं म्हणणं, बीटा-गामा आहे. ते दाखवायचं कसं? गॅलिन (बीटा-गामाचा ब्लॉकर) मागवावं का?

अजून एक. एप्रिलपासून कॅल्शियमची बेसलाइन वर सरकली आहे आणि पीक बुटका झालाय. डाय, पेशी, बफर सगळं तेच आहे.

कंट्रोलवेल

आधी लायगँड (रिसेप्टरवर बसणारा रेणू) बदला, जी प्रोटीनकडे नंतर बघू. हेक २९३ पेशींना जन्मजात बीटा-२ रिसेप्टर असतो, तो जी-एसला जोडलेला आहे आणि सायक्लेज चालू करतो. नॉरॲड्रेनलिनची बीटा-२ वरची पकड ढिली, त्यामुळे मायक्रोमोलरच्या आसपास पोचल्यावरच तो बोलायला लागतो. तुमचा कर्व्ह नेमका तिथेच वळतोय.

तपासायला सोपं आहे. ज्या मूळ हेक पेशींत अल्फा-२ए घातलेला नाही, त्यांची एक प्लेट त्याच डोसवर चालवा. तिथेही चढ दिसला तर प्रकरण मिटलं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत प्रत्येक वेलमध्ये, कंट्रोलसकट, प्रोप्रॅनोलॉल (बीटा रिसेप्टरचा ब्लॉकर) १ मायक्रोमोलर, लायगँडच्या १५ मिनिटं आधी. तेवढ्याने बीटा-२ चा कर्व्ह शेकडो पटींनी उजवीकडे जातो. त्याहून बरं म्हणजे ब्रिमोनिडीन (अल्फा-२ चेतवणारं) वापरा, ते बीटा रिसेप्टरकडे फिरकत नाही. नॉरॲड्रेनलिनच ठेवायचं असेल तर रोज ताजं, १०० मायक्रोमोलर ॲस्कॉर्बिक ॲसिड घालून, बर्फावर आणि अंधारात. द्रावण गुलाबी दिसलं की टाकून द्या, लेबलवर काय डोस लिहिलाय याला मग अर्थ नाही.

आता २० टक्क्यांचं. फोर्स्कोलिन १० मायक्रोमोलर हा आकडा एका पेपरातून दुसऱ्यात उतरत आलेला आहे, तुमच्या पेशींसाठी कोणी काढलेला नाही. फोर्स्कोलिन रिसेप्टर आणि जी प्रोटीन दोघांनाही वगळून थेट एन्झाइमवर बसतं. ते जास्त झालं की जी-अल्फा-आयला दाबायला जागा उरत नाही. शिवाय आयबीएमएक्समुळे सायक्लिक एएमपी मोडत नाही, साठत जातं, आणि किटच्या स्टँडर्ड कर्व्हच्या सपाट टोकाला जाऊन आदळतं. तिथे प्रत्यक्षात निम्मी घट झाली तरी वाचनात दहा-वीस टक्केच दिसते. फोर्स्कोलिनचा स्वतःचा कर्व्ह काढा, १० नॅनोमोलर ते १०० मायक्रोमोलर, अर्ध्या लॉगच्या पायऱ्यांनी, आणि कमाल उत्तराच्या ५० ते ८० टक्के देणारा डोस घ्या. तोही किटच्या उतरत्या भागात बसला पाहिजे. नसेल बसत तर डोसला हात लावू नका, वेलमधल्या पेशी कमी करा. ३८४ च्या प्लेटला दोन ते पाच हजारांपासून सुरुवात ठीक आहे.

आणि टक्के काढायचे ते सायक्लिक एएमपीच्या नॅनोमोलरवर. स्पर्धात्मक किटमध्ये सिग्नल उलटा असतो आणि सरळ रेषेतही नसतो. कच्च्या सिग्नलचे टक्के काढून केलेले ग्राफ छापूनही येतात, ही गोष्ट वेगळी.

जाता जाता: फोर्स्कोलिन आपल्याकडच्या माईनमुळ्यातलं. त्याच्या मुळांतून ते १९७० च्या दशकात मुंबईत हेक्स्टच्या संशोधन केंद्रात वेगळं केलं गेलं.

प्रोप्रॅनोलॉल देऊनही वरच्या डोसला थोडा चढ उरला, तर तो खरा असू शकतो. अल्फा-२ए भरपूर प्रमाणात व्यक्त केला की तो जी-एसलाही धरतो, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. दुसरी शक्यता बीटा-गामाची. सायक्लेजचे २, ४ आणि ७ हे प्रकार जी-अल्फा-एस हजर असताना बीटा-गामाने आणखी चेततात. निवाडा पर्टुसिस टॉक्सिन करेल. टॉक्सिननंतर घट गेली आणि चढ राहिला किंवा वाढला, तर तो जी-एस. घट आणि चढ दोन्ही गेले, तर चढ जी-आयमधून सुटलेल्या बीटा-गामाचा.

बीटागामा

कॅल्शियमचं कोडं मला जास्त आवडलं. टॉक्सिन आणि वायएम, दोन्ही उत्तरं खरी आहेत. गफलत होते ती ‘जी-आय की जी-क्यू’ असं विचारण्यात.

रिसेप्टर सक्रिय झाला की जी-अल्फातला जीडीपी निघतो, जीटीपी बसतो, आणि अल्फा व बीटा-गामा एकमेकांची पकड सोडतात. तिथून दोन निरोप निघतात. जी-अल्फा-आय सायक्लेजकडे जातो. बीटा-गामा पोटॅशियमच्या गर्क चॅनलकडे, पीआय-३-कायनेज गामाकडे, कॅल्शियम चॅनलकडे, जीआरके-२ कडे आणि फॉस्फोलायपेज सी-बीटा (साठ्यातून कॅल्शियम सोडवणारं एन्झाइम) याच्या २ व ३ या प्रकारांकडे. तुमचं कॅल्शियम येतंय या शेवटच्या वाटेने. म्हणून टॉक्सिनने बंद होतं: टॉक्सिन जी-अल्फा-आयच्या टोकाकडून चौथ्या सिस्टीनवर एडीपी-रायबोज चिकटवतं, रिसेप्टरला तो ओळखू येत नाही, त्रिकूट फुटतच नाही आणि बीटा-गामा मोकळा होत नाही.

मग वायएमने का बंद व्हावं? कारण फॉस्फोलायपेज सी-बीटा-३ ला एकट्या बीटा-गामाने जाग येत नाही, आधी जी-अल्फा-क्यूने त्याचं कुलूप काढावं लागतं. २०२० साली बॉनच्या गटाने हे हेक पेशींतच दाखवलं. जी-क्यू अगदी थोडा जागा असला तरी पुरतं. तुमच्या पेशींत तो कोण जागा ठेवतो? बहुधा पेशींतून झिरपणारं एटीपी, जे पी-२-वाय रिसेप्टरवर बसतं. जोरात पिपेट मारलं की ते आणखी सुटतं. त्यामुळे एकाच पेशींवर एका माणसाला कॅल्शियम दिसतं आणि दुसऱ्याला नाही, असं होऊ शकतं.

पडताळायचं असेल तर दोन वेल-गट करा. एकात ॲपायरेज घालून बाहेरचं एटीपी मोडा, उत्तर बुटकं व्हायला हवं. दुसऱ्यात कार्बाकोलचा इतका बारीक डोस द्या की त्याने एकट्याने कॅल्शियम जेमतेम हलेल (हेकमध्ये कार्बाकोलचा एम-३ रिसेप्टर असतो, जी-क्यूला जोडलेला), आणि लगेच ब्रिमोनिडीन. पीक दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा आला पाहिजे.

आता बीटा-गामा सिद्ध करणं. गॅलिनवर भिस्त ठेवू नका. ते स्वतःच रंगीत आहे, फ्लुओ-४ च्या वाचनात लुडबुड करतं. वापरायचंच तर १० मायक्रोमोलर, सोबत डाय नसलेले आणि लायगँड नसलेले ब्लँक, आणि आयोनोमायसिनचं (रिसेप्टरला वगळून कॅल्शियम आत सोडणारं) उत्तर शाबूत आहे का ते बघणं सक्तीचं. मुख्य पुरावा म्हणून जीआरके-२ चं मागचं टोक वापरा, ज्याला सगळे बार्क-सीटी म्हणतात. ते मोकळे बीटा-गामा धरून ठेवतं आणि जी-अल्फा-आयला हात लावत नाही. अपेक्षा अशी की बार्क-सीटीने कॅल्शियम पडेल पण सायक्लिक एएमपीची घट जशीच्या तशी राहील. ही दोन वाचनं एकाच दिवशी, त्याच ट्रान्सफेक्शनमधून घेतली तरच वाद संपतो.

इथे एक खड्डा आहे. तुमचा रिसेप्टर स्थिर आहे, म्हणजे शंभर टक्के पेशींत. बार्क-सीटी मात्र ट्रान्सफेक्शनने फार तर साठ-सत्तर टक्के पेशींत जाणार. उरलेल्या पेशी पूर्ण आवाजात ओरडत राहतात आणि तुम्ही लिहिता ‘अंशतः अवरोध’. त्यापेक्षा मूळ हेकमध्ये रिसेप्टर आणि बार्क-सीटी दोन्ही प्लाझ्मिड एकत्र टाका, म्हणजे ज्या पेशीत रिसेप्टर त्याच पेशीत स्पंज (बीटा-गामा शोषणारं बार्क-सीटी). डीएनएची एकूण मात्रा रिकाम्या व्हेक्टरने सारखी ठेवा.

स्पंजवरून आणखी: कोणताही जी-अल्फा जास्त घातला की तो जीडीपी धरून बसतो आणि मोकळे बीटा-गामा गिळतो. तेव्हा ‘जी-अल्फा-आय-२ घातल्यावर कॅल्शियम कमी झालं’ यावरून जी-आय-२ बद्दल काहीच ठरत नाही. डोळ्यातल्या रॉड पेशींचा जी-अल्फा, ट्रान्सड्युसिन, कंट्रोल म्हणून शेजारी ठेवा.

कोणता जी-आय हे हवंच असेल तर टॉक्सिनला दाद न देणारे म्युटंट घ्या. जी-आय-१, जी-आय-३ आणि जी-ओमध्ये ३५१ व्या, जी-आय-२ मध्ये ३५२ व्या जागी सिस्टीनऐवजी आयसोल्युसिन. एकेक घालून टॉक्सिन १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, १६ ते १८ तास. पेशींचे स्वतःचे जी-आय बाद, उरेल तो तुमचा. फक्त जी-झेड विसरू नका, त्याच्या त्या जागी निसर्गतःच आयसोल्युसिन आहे, टॉक्सिन त्याला शिवत नाही. टॉक्सिननंतरही सायक्लिक एएमपी थोडं उतरतंय असं दिसलं की पहिला संशय तिथे. आणि टॉक्सिनला अख्खं त्रिकूट लागतं, सुटा जी-अल्फा त्याला चालत नाही. तासाभरात परिणाम शोधू नका.

रातपाळी

एप्रिलच्या तक्रारीचं उत्तर प्रोटोकॉलमधल्या ‘रूम टेंपरेचर’ या दोन शब्दांत आहे. तिथे अर्थ २० ते २५ अंश. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० च्या वर असतं, एसी बंद पडला की बाकावर ३३-३४ सहज. फ्लुओ-४ एएम (पेशीत शिरणारा, एस्टर लावलेला प्रकार) त्या तापमानाला तास-तास ठेवलं की दोन गोष्टी होतात: डाय पेशीच्या आतल्या कप्प्यांत जाऊन अडकतो, आणि मोकळा झालेला डाय पेशी जोराने बाहेर फेकतात. पहिल्याने पीक बुटका, दुसऱ्याने बेसलाइन वर. तुमची दोन्ही लक्षणं हीच.

थर्मामीटर बाकावर ठेवा. डाय २ ते ४ मायक्रोमोलर, प्लुरॉनिक (डाय विरघळवायला) ०.०२ टक्के, प्रोबेनेसिड (डाय बाहेर फेकणं रोखायला) २.५ मिलिमोलर, मोजलेल्या २५ अंशांना ३० मिनिटं. मग धुऊन, प्रोबेनेसिड असलेल्याच बफरमध्ये २० मिनिटं आणखी, म्हणजे एस्टर पूर्ण तुटतो. तासाभरात वाचून मोकळे व्हा. प्रोबेनेसिड पाण्यात विरघळत नाही, १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून बफरमध्ये घाला आणि पीएच ७.४ ला परत आणा. हे परत आणणं राहून गेलं की पेशी सुटायला लागतात आणि दोष डायला लागतो.

प्लेट रीडर तापवू शकतो, थंड सहसा करू शकत नाही. आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश वरच असतं. खोली ३४ असेल तर ‘२५’ सेट करून काहीच होत नाही, मशीन गुपचूप ३८ वर चालतं. एक तर सगळं ३७ ला पक्कं करा, नाहीतर सकाळी सहा-सातला प्लेट लावा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे ९६ च्या प्लेटचे कडेचे वेल आटतात. कडेची रांग नुसत्या बफरने भरा, तिथले आकडे घेऊ नका.

इंजेक्टर आहे ना? हाताने लायगँड घालून झाकण लावेपर्यंत वीस-तीस सेकंद जातात आणि तेवढ्यात पीक येऊन गेलेला असतो. इंजेक्टर नसेल तर कॅल्शियमचा नाद सोडा आणि आयपी-१ (फॉस्फोलायपेजच्या कामातून तयार होणारा रेणू) मोजा. ५० मिलिमोलर लिथियम क्लोराइड घातलं की आयपी-१ मोडत नाही, साठत राहतं, ३० ते ६० मिनिटांनी निवांत वाचता येतं.

पेशीपुराण, सोलापूर

धन्यवाद सगळ्यांना. मूळ हेकमध्येही चढ आला, म्हणजे बीटा-२ होताच. ब्रिमोनिडीन आणि फोर्स्कोलिन १ मायक्रोमोलर केल्यावर घट ६० टक्क्यांच्या घरात आहे. १० मायक्रोमोलरला किंचित चढ अजून दिसतो, टॉक्सिननंतरही राहतो, तर तो जी-एस धरतो.

दोन प्रश्न उरले. ब्रेटने (दोन टॅगमधल्या प्रकाशाच्या देवाणघेवाणीवरून अंतर बघणारी पद्धत) त्रिकूट फुटताना थेट बघायचं आहे, ट्रूपाथ या ब्रेट-संचाचे प्लाझ्मिड मिळणार आहेत. गामा कोणता घ्यावा? आणि सायक्लिक एएमपीचा ईसी-५० (अर्धं उत्तर देणारा डोस) कॅल्शियमच्या जवळजवळ पन्नासपट डावीकडे येतो, याला बायस (लायगँडचा एका वाटेकडे कल) म्हणता येईल का?

बीटागामा

नाही म्हणता येणार. सायक्लिक एएमपी आयबीएमएक्सखाली अर्धा तास साठतं, त्यामुळे थोडे रिसेप्टर भरले तरी पूर्ण उत्तर येतं. कॅल्शियम काही सेकंदांत उसळून पडतं, लायगँडला बसायलाही पुरता वेळ मिळत नाही. शिवाय बीटा-गामाला फॉस्फोलायपेज चेतवायला बरेच जास्त रेणू लागतात. पेशींत जी-आय आणि जी-ओ इतर जी प्रोटीनांपेक्षा भरपूर असतात, म्हणून तर बीटा-गामाची कामं बहुतेक त्यांच्याच रिसेप्टरवर दिसतात. जी-एससुद्धा बीटा-गामा सोडतो, पण तेवढ्याने भागत नाही. बायस म्हणायचं तर त्याच दोन वाचनांत एक संदर्भ लायगँड हवा, नॉरॲड्रेनलिन प्रोप्रॅनोलॉलसकट चालेल, आणि दोन लायगँडमधला फरक मोजायचा. दोन वाचनांमधला नव्हे.

गामाबद्दल. माणसात अल्फाची १६ जनुकं, बीटाची ५, गामाची १२. कागदावर बीटा-गामाच्या ६० जोड्या होतात, प्रत्यक्षात सगळ्या जमत नाहीत. बीटा-२ (रिसेप्टर नव्हे, सबयुनिट) आणि गामा-१ जुळत नाहीत. बीटा-५ तर पेशीत मुख्यतः आरजीएस (जी-अल्फा लवकर बंद करणारी प्रथिनं) यांतल्या आरजीएस-७ च्या कुळाशी संसार करतो. गामाच्या शेपटीला लागलेली चरबीही सगळ्यांची सारखी नाही: १, ९ आणि ११ ला १५ कार्बनची फार्नेसिल, बाकीच्यांना २० कार्बनची जेरानिलजेरानिल. आखूड शेपटीचा गामा-९ पडद्यावरून काही सेकंदांत सुटून आतल्या पडद्यांकडे निघून जातो, गामा-३ बराच वेळ जागेवर राहतो. म्हणजे एकच रिसेप्टर, एकच जी-अल्फा, आणि गामा बदलला की पडद्यावरच्या एफेक्टरला मिळणारा बीटा-गामा बदलतो.

ट्रूपाथमध्ये जी-आय-१ सोबत बीटा-३ आणि गामा-९ देतात. ती जोडी सिग्नलची उंची चांगली मिळते म्हणून निवडलेली आहे, तुमच्या पेशीत ती तशी असते म्हणून नाही. जी-आय जोडला जातो का, किती डोसला, यासाठी ती उत्तम. कॅल्शियमचा खुलासा तिच्यावरून करू नका.

रिसेप्टर, जी-अल्फा-आरलुक-८ (प्रकाश देणारा दाता), बीटा, गामा-जीएफपी-२ (तो घेणारा), चारही डीएनए समान. जी-अल्फा वाढवलात तर जोडीदार नसलेले दाते उरतात, सुरुवातीचं गुणोत्तर घसरतं आणि खिडकी अरुंद होते. सक्रिय झाल्यावर गुणोत्तर खाली जातं, ग्राफ उलटा दिसला म्हणून दचकू नका. सबस्ट्रेट कोलेंटेराझिन ४००ए, शेवटची मात्रा ५ मायक्रोमोलर, स्टॉक एथॅनॉलमध्ये. डीएमएसओमध्ये ते टिकत नाही. पांढरी प्लेट, तळाला पांढरी पट्टी.

आणि गुणोत्तर पडलं म्हणजे अल्फा आणि बीटा-गामा पूर्ण वेगळे झाले असं लिहू नका. ब्रेट फक्त दोन टॅगमधलं अंतर आणि दिशा बघतो. नुसतं वळलं तरी आकडा पडतो.

कंट्रोलवेल

वरच्यात एक भर. ब्रेटमध्ये लायगँडनंतर पाच मिनिटांनी एकच वाचन घेऊ नका, पहिली दोन मिनिटं सलग घ्या. मग योहिम्बिन या अँटॅगोनिस्टने (रिसेप्टर अडवणारं, १० मायक्रोमोलर) ब्रिमोनिडीन विस्थापित करून परतीचा वेगही मोजा. सुटा जी-अल्फा-आय मिनिटाला मोजकेच जीटीपी फोडतो, आरजीएस भेटला की तोच वेग शेकडो पटींनी वाढतो. परतीचा वेग मंद आला तर तुम्ही घातलेल्या जी-अल्फाला पेशीतला आरजीएस पुरत नाहीये. अशा वेळी प्लाझ्मिडची मात्रा निम्मी करून तीच प्लेट पुन्हा लावा. योहिम्बिनचा स्वतःचा कंट्रोल वेल ठेवा, लायगँडशिवाय.